शिंपीकाकांच्या हृदयाचा जोडीदार

मित्रांनो, माझी चाके कुरकुरतात, रंगही उडाला आहे. पण मला मोडीत काढण्याआधी माझी हकिगत ऐका. मी अतिदक्षता विभागातला एक जुना बलून पंप आहे. थकलेल्या हृदयाला हातभार लावणे हे माझे काम. मांडीतून आत सरकवलेल्या बारीक नळीच्या टोकाला, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीत, माझा लांबट फुगा असतो. हृदय क्षणभर विसावले की मी तो फुगवतो, ते रक्त ढकलू लागले की मिटवतो. एकही ठोका चुकवायचा नाही! सांगा, असा जोडीदार कुणाला मिळतो?

माझ्या जिवावर कितीतरी जण तरले, पण शिंपीकाकांना मी विसरू शकत नाही. झटक्याने त्यांचे हृदय पार खचले होते. नळी घातलेला उजवा पाय वाकू नये म्हणून सिस्टरने तो पट्टीने पलंगाला बांधला होता. काकूंना ते बघवेना. "किती जखडून ठेवलंय माणसाला," असे पुटपुटत त्यांनी पट्टी हळूच सैल केली.

काकांचा डोळा लागला आणि जुनी सवय जागी झाली. झोपेतच त्यांचा पाय शिलाई मशीन चालवू लागला! गुडघा वाकला, नळी वर सरकली. मी मात्र ऐटीत ठोके मोजत होतो. पडद्यावरचे आकडे अगदी झकास होते.

सिस्टर आली. माझ्याकडे नुसती नजर टाकून तिने नेहमीप्रमाणे काकांचे डावे मनगट धरले. तिचा चेहराच उतरला. "हात गार पडलाय, नाडी लागत नाहीये. डॉक्टरांना बोलवा!" वर सरकलेल्या माझ्याच फुग्याने हाताकडे जाणारी रक्ताची वाट अडवली होती. उशीर झाला असता तर शिंप्याचा हात गेला असता.

एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी नळी जराशी मागे ओढली. हाताला ऊब आली, तसा काकूंना हुंदका फुटला. "मीच सैल केली हो ती पट्टी."

"मायेनं केलंत, काकू," सिस्टर म्हणाली. "आता त्याच मायेनं गुडघा धरून बसा."

काकू घट्ट धरून बसल्या. काका कुरकुरले, "इतकी वर्षं पायडल मारलं, तेव्हा नाही कधी अडवलंस!"

पुढे काकांच्या हृदयाने जोर धरला. माझी मदत हळूहळू कमी करत एका सकाळी मला बंद केले. माझा आवाज थांबला, ठोके चालूच राहिले. इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

मित्रांनो, माझी बॅटरी आणि फुग्यात भरायचा गॅस रोज तपासा, मी दगा देणार नाही. पण माझे आकडे कितीही छान दिसोत, माणसाचे मनगट हातात घेतल्याशिवाय पलंगापासून हलू नका.