पडद्याची दुमड

तुरीची डाळ संपली आणि आईनं नवी आणली नाही, तिथं मला पहिल्यांदा संशय आला.

डाळ कुणाच्याही घरी संपते. आमच्या घरी मात्र ती संपवली जायची. बाबा फौजेत कर्नल होते. भारतीय सैन्य काही देशांत प्रशिक्षणासाठी पथकं पाठवतं, त्यांतून आम्ही भूतान, झांबिया आणि लेसोथो पाहिलं. मधल्या काळात देवळाली, बबीना अशा छावण्या. बदलीचा हुकूम आला तरी आम्हा मुलींना तो अगदी शेवटी सांगायचा, असा घरचा नियम होता. "शाळेत उगाच बोभाटा होतो," आई म्हणायची. त्यामुळे मी आणि माझी धाकटी बहीण आसावरी, दोघी बदली नुसत्या वासावरून ओळखायला शिकलो. डब्यांचे तळ दिसू लागायचे. बाबा एकाएकी गोड बोलायचे. आणि अगदी शेवटी आई पडद्यांची दुमड उसवायची.

पडदे झाशीच्या बाजारातल्या जाड कापडाचे होते. आईनं ते मुद्दाम लांब घेतले होते आणि जास्तीचं कापड खाली आत दुमडून टाके घातले होते. नव्या क्वार्टरच्या खिडक्या मोठ्या असल्या तर दुमड सोडायची, लहान असल्या तर आणखी आत घ्यायची. दुमड उसवली की पक्कं समजायचं. तोवरच्या सगळ्या खुणा म्हणजे नुसता अंदाज.

नेदरलँड्समधल्या टिलबर्गला येताना मात्र बाबांनी शब्द दिला होता. ते निवृत्त झाले होते, एका वाहतूक कंपनीच्या गोदामात नियोजनाची नोकरी मिळाली होती. "ही शेवटची," ते म्हणाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी भिंतीला खिळा ठोकला. आमच्या कुठल्याच घरात आम्ही खिळा ठोकला नव्हता.

ही गोष्ट २००६ च्या वसंतातली. मी आइंडहोवनहून नुकतीच एम.एस्सी. होऊन घरी आले होते आणि प्रयोगशाळांना अर्ज पाठवत होते. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, एवढं तरी शिकले होते. म्हणून डाळीबद्दल गप्प बसले.

चार दिवसांनी बाबांनी शेजारच्या यानेकेची शिडी परत केली. वर्षभर ती आमच्या मागच्या अंगणातल्या शेडमध्येच होती, तिनं कधी मागितली नव्हती. फौजेत निघण्याआधी सगळ्यांचं सगळं परत करून 'क्लिअरन्स' घ्यावा लागतो. त्याच आठवड्यात बाबा फोन आला की चहा अर्धा टाकून शेडमध्ये जाऊ लागले, दार लोटून घेऊ लागले.

"ताई, समथिंग इज गोइंग ऑन," आसू म्हणाली. आम्ही भांडी पुसत होतो. "काल बाबा मला म्हणाले, हॉकी छान खेळतेस. त्यांनी माझी एक मॅचपण बघितली नाहीये!"

आसू सोळा वर्षांची. मराठी तिला सगळं समजतं. बोलताना मात्र जी भाषा हाताला लागेल ती उचलते. इथल्या क्लबात ती गोलकीपर होती आणि मार्टाइन, तिचा प्रशिक्षक, तिला पुढच्या हंगामासाठी मुलींच्या पहिल्या संघात घेणार होता. शनिवारच्या सामन्यानंतर त्याला हो किंवा नाही कळवायचं होतं.

"हो म्हण ना मग."

"आणि मग आपण गेलो तर?" तिनं ताट कपाटात आपटलं. "लेसोथोला काय झालं आठवतंय? नाटकातला मेन रोल. पाठ केला मी. आणि गेस व्हॉट, ट्रंका भरल्या. मी परत तसं नाही करणार. तू सायंटिस्ट आहेस ना? फाइंड आउट. नाहीतर मी त्याला नाही म्हणून सांगते."

ती उगाच बोलत नव्हती. तिच्या कुठल्याच शाळेच्या वर्गफोटोत ती नाही. फोटो निघायच्या आधी आम्ही निघालेलो असायचो, नाहीतर नंतर पोचलेलो.

मग मी घरात लक्ष ठेवू लागले. याचा अभिमान वाटावा असं काही नाही, पण त्या घरात सगळेच तेच करत होते. माळ्यावरची काळी ट्रंक जागेवरून सरकली होती. धुळीत जुन्या जागेचा चौकोन स्वच्छ दिसत होता. ट्रंकेवर बाबांचं नाव पांढऱ्या रंगात, आणि पत्ता प्रत्येक वेळी जुन्यावर नवा रंगवलेला, त्यामुळे ती जागा फुगून आली होती. आईला विचारलं, तर म्हणाली, "शिवणयंत्र काढलं."

"कशाला?"

"शिवायला. यंत्रावर पापड लाटत नाहीत."

हे हसून टाळणं मला ओळखीचं होतं. शुक्रवारी ती बाजारात गेली तेव्हा मी दिवाणखान्यातल्या मोठ्या खिडकीपाशी बसले आणि पडद्याचं खालचं टोक उलटलं. टाके नव्हते. दुमड पूर्ण उसवलेली होती आणि आतलं कापड, ज्याला कधी ऊन लागलं नव्हतं, वरच्या कापडापेक्षा गडद निळं होतं.

आसूला मी सांगितलं नाही. आधी बाबांच्या तोंडून ऐकायचं होतं.

शनिवारी सकाळी बाबा कालव्याकाठी फिरायला निघाले, तशी मी बरोबर गेले. त्यांच्या चालीशी जमवून घ्यायला मला अजूनही अर्धं पळावं लागतं.

"बाबा, कुठं?"

"पुलापर्यंत."

"तसं नाही. पुढचं पोस्टिंग कुठं?"

ते थांबले नाहीत, पण पाऊल चुकलं. "कुणी सांगितलं तुला?"

"डाळीनं."

ते खो खो हसले. "तुला हेरखात्यात टाकायला हवी होती. जोहान्सबर्ग. कंपनी तिथं गोदाम उघडतेय. लेसोथोमुळे तो भाग मला माहीत आहे म्हणून मला विचारलं. सोमवारी हो कळवतोय."

"शेवटची म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. इथं मी काय करतो माहीत आहे? खोक्यांचे तक्ते. तिथं अख्खं गोदाम माझ्या हाताखाली असेल."

"आणि आसू?"

"तिथंही हॉकी खेळतात. फौजीची पोर आहे, जमवून घेईल."

"तुम्ही रिटायर झालात, बाबा. तिला कुणी केलंच नाही."

त्यांनी कालव्याकडे पाहिलं. एक मालाची बोट आमच्यापेक्षा हळू चालली होती.

"आईला विचारलंत?"

"तिची हरकत नाही."

"तसं म्हणाली ती?"

"पडदे उसवलेत तिनं. बघितले नाहीस?" त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "पंचवीस वर्षं आमचं हेच चालत आलंय. मी पत्र टेबलावर ठेवतो, ती पडदे काढायला घेते. यात विचारायचं काय?"

मीही तोच पडदा उलटून तोच अर्थ काढला होता. तेवढ्यापुरता मला स्वतःवरही विश्वास वाटेना.

घरात शिरलो तर यंत्राची घरघर चालू होती. आई जमिनीवर बसली होती, समोर हातयंत्र, बाजूला मोठी कात्री. दिवाणखान्याचे पडदे खिडकीवर परत चढले होते आणि बरोबर खिडकीच्या कट्ट्याशी संपत होते. आईच्या मांडीजवळ गडद निळ्या पट्ट्यांचा ढीग पडला होता. सामन्याला निघालेली आसू हॉकीचे बूट हातात घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती.

"हे काय केलंस मृदुला?" बाबांनी विचारलं.

"कापले."

"पण मग ते दुसरीकडे कसे होतील?"

"नाही होणार." आईनं दातांनी दोरा तोडला. "या खिडकीचे आहेत ते."

बाबा बूट न काढताच आत आले. असं ते कधी करत नाहीत. "जोहान्सबर्गचं पत्र तू वाचलं होतंस."

"वाचलं ना. टेबलावर ठेवलेलं मी नेहमीच वाचते."

"ठीक आहे," बाबा म्हणाले. "पडदे काय, तिथंही मिळतील."

"मिळतील की. एका माणसाच्या खिडक्या असतात तरी केवढ्या!"

आसूच्या हातातला एक बूट खाली पडला. कुणी उचलला नाही.

"आई," मी म्हणाले, "मग डाळ का आणली नाहीस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, जरा चिडूनच. "कारण माझंही ठरत नव्हतं. तुम्हाला काय वाटतं, मी लोखंडाची आहे? यांना तिकडे अख्खं गोदाम मिळतंय, दिसतंय मला."

बाबा खिडकीपाशी गेले. वाटलं, आता बोलतील. पण त्यांनी पडद्याचं टोक धरलं, डोळ्यांच्या पातळीवर आणलं आणि कट्ट्याशी ताडून पाहिलं.

"डावीकडे वाकडं कापलंयस."

"घाईत कापलं."

"घाई कसली?"

"तुम्ही परत यायच्या आत व्हायला हवं होतं," आई म्हणाली.

बाबा खुर्चीत बसले. त्यांनी बुटांची नाडी सोडली आणि आसूला विचारलं, "त्या तुझ्या मार्टाइनला कधी सांगायचंय?"

"आज. मॅचनंतर. पण मी आत्तापण फोन करू शकते."

"मग कर."

आसूनं माझ्याकडे पाहिलं. पुरावा पुरेसा आहे का, असं विचारणारी तिची नजर मला ठाऊक आहे. मी होकाराची मान हलवली आणि वर गेले.

वर जायचं काही कारण नव्हतं. पण एका खोलीवरून घराचा निष्कर्ष काढायचा नसतो. माझ्या आणि आसूच्या खोलीतले पडदे कापून शिवलेले होते, टाके नवे. मग मी आई-बाबांच्या खोलीत गेले. तिथला पडदा हाताला जड लागला. टोक उलटलं. दुमड उसवलेली होती, पण कापड कापलेलं नव्हतं. जिथून कापायचं त्या रेषेवर खडूची खूण होती आणि कापड तसंच आत घेऊन टाचण्या लावलेल्या होत्या. कापायला घ्यायचा राहिला असेल. किंवा मुद्दाम ठेवला असेल.

खाली आसू फोनवर डचमध्ये भराभर बोलत होती. तिनं तीन-चार वेळा "या, या", म्हणजे हो, हो, म्हटलं आणि मोठ्यानं हसली.

मी पडदा सोडला आणि त्याचं टोक पूर्वीसारखं नीट करून ठेवलं, कुणी पाहिलंय हे कळू नये असं.