निरगुडीची डहाळी

मंगळवारी सकाळी बोरीची दोन माणसं यमाजीच्या मेंढरांच्या वाड्यावर आली. एकानं विचारलं, "पावणं, तुमच्या बाई बिऱ्हाडात हायेत का?"

"नाय. काल बेल्ह्याच्या बाजाराला गेलीया. उशीर झाला म्हणून बहिणीकडं ऱ्हायली असंल."

विचारणारा खाली बघायला लागला. तेवढ्यावरच यमाजीला कळलं.

त्याची बायको गजराबाई नदी ओलांडायच्या उताराच्या खाली, करंजाच्या मुळ्यांना अडकली होती. धरणातून आवर्तन सुटलेलं, कुकडीला पाणी होतं. रोजच्यासारखं गुडघाभर असेल असं धरून ती अंधार पडता पडता पाण्यात शिरली असावी.

आधी ठरलेला मुक्काम नदीपल्याडच्या कांद्याच्या रानात होता. पण दुपारी रानमालकानं निरोप धाडला, रानात तणनाशक मारलंय, मेंढरं आणू नका. मग यमाजी अलीकडच्या काठानंच वर वळला. गजराबाईचा मोबाईल दोन दिवस बंद होता. रानात चार्जिंग कुठलं.

अशा वेळेची धनगरांची रीत जुनी आहे. मुक्काम बदलला तर फाट्यावर डहाळी टाकायची, शेंडा बिऱ्हाडाच्या दिशेला, बुडावर दगड. आणि डहाळी निरगुडीचीच हवी, कारण निरगुडीला मेंढरू तोंड लावत नाही. यमाजीला हे लहानपणापासून ठाऊक. त्या सोमवारी निरगुडी शंभर पावलांवर होती. पाय दुखत होते. त्यानं हाताशी आलेली सुबाभूळ मोडली, फाट्यावर ठेवली, दगड ठेवला आणि पुढं चालू लागला. मागून त्याचीच दीडशे मेंढरं येत होती.

मंगळवारी त्या दोघांबरोबर नदीकडं जाताना तो फाट्यावर थांबला. दगड जागेवर होता. दगडाखाली सोललेली काडी. ती त्यानं उचलली आणि नदीत टाकली. लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "निरगुडी टाकली व्हती."

गजराबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. लोकांनी आपसूक धरलं, म्हातारीला खूण दिसली नाही.

दहाव्याला पोरीनं, पुष्पानं, ऊर बडवून घेतला. "मीच दिवाळीनंतर करू म्हणले आपरेशन. माझं बाळंतपण व्हतं म्हणून आईनं बी ऐकलं. आबा, मीच मारली तिला." यमाजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

वर्ष भरत आलं. वर्षश्राद्धाचं सांगायला पुष्पाकडं जायचं होतं. तिचं घर जुन्नरच्या अलीकडं, नदीकाठच्या वस्तीवर. मेंढरं पोराच्या, दत्ताच्या हवाली करून यमाजी राजुरीहून चालत निघाला. दत्ता म्हणाला, एसटीनं दोन तासांत जाशील. पण एसटीत बोलायचं जुळवता येत नाही. यावेळी पोरीला खरं सांगायचंच, असं त्यानं ठरवलं होतं, आणि त्यासाठी त्याला दोन दिवस हवे होते.

बोरीच्या वर पहिल्या फाट्यावर निरगुडीची डहाळी पडलेली होती. शेंडा नदीच्या वरच्या अंगाला, बुडावर दगड. पानं ताजी. यमाजीला वाटलं, कोणाची तरी मेंढरं पुढं असतील. पण वाटेवर लेंडी नव्हती, खुरांचा माग नव्हता.

बंधाऱ्यापाशी दुसरी डहाळी. तिथं त्याला ओळखीचा बहिरू भेटला, शे-दोनशे मेंढरं घेऊन खाली उतरत होता.

"बहिरू, फाट्यावर खूण तू टाकली का रं?"

"म्या? मामा, आता लोकेशन धाडत्यात. डहाळी कोण टाकतंय?" बहिरू हसला. "तुमी लई जुन्या काळात ऱ्हाता राव."

"ती बघ की. पडलीया न्हवं?"

बहिरूनं बघितलं. त्याचं हसू गेलं. "मी आत्ता हितनंच आलो, मामा. तवा नव्हती."

तो मेंढरांना हाळी देत घाईनं निघून गेला.

तिसरी डहाळी यमाजीनं हातात घेतली. तो भाग सगळा खडकाचा, जवळपास निरगुडीचं झुडूप नाही. बूड मोडलेलं नव्हतं, पिळलेलं होतं, डाव्या अंगाला. गजराबाई डावखुरी. तिला झटक्यात मोडणं जमायचं नाही, ती पिळून तोडायची, आणि यमाजी तिला हसायचा. त्यानं डहाळी होती तशी ठेवली. दगडही ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याचा धीर सुटला. नदी सोडून सडकेला लागावं, एसटी धरावी आणि राजुरीला परत जावं, असं वाटून तो उसातल्या पाणंदीत शिरला. वीस पावलं गेला असेल. पाणंदीच्या मधोमध डहाळी होती. शेंडा मागं, नदीकडं.

"जातो गं बाई," तो म्हणाला. "जातो."

पुष्पा ओट्यावर लसूण सोलत होती. "चालत आलात? आबा, एसटीत अर्धं तिकीट लागतं तुमाला. आन् पायाचं काय ह्ये? भाजून काढल्यात नुसत्या टाचा." तिनं गरम पाणी आणलं, चहा टाकला. वर्षाची नात, संस्कृती, त्याच्या काठीला धरून उभी राहिली.

"सासूबाईंच्या डोळ्यात जरा पांढरं दिसलं," पुष्पा चुलीकडं तोंड करून म्हणाली, "तशी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेली. सगळी म्हणत्यात, सून लई चांगली." तिनं चुलीत लाकूड सारलं. "खूण व्हती, आबा. तुमी टाकली व्हती. माझ्यामुळं तिला दिसली नाय."

यमाजीनं कप खाली ठेवला. दोन दिवस जुळवलेलं सगळं तोंडात होतं. पहिला शब्द 'सुबाभूळ' होता. पुष्पा वळून बघत होती, गजराबाईसारखीच, मान जराशी तिरकी करून.

"सोमवारी वर्षश्राद्ध हाय," तो म्हणाला. "आदल्या दिवशीच ये. जावयांनाबी आण."

दुसऱ्या दिवशी तो त्याच काठानं परत निघाला. प्रत्येक फाट्यावर थांबला, वाकून बघितलं. पाणंदीत, खडकात, बंधाऱ्यापाशी, कुठं काही नव्हतं. निरगुडीचं एक पानसुद्धा नाही.

पुष्पाला त्यानं अजून सांगितलेलं नाही.