अम्मच्चीची लाज

थंकम्माने कॅमेऱ्यावर टॉवेल टाकून अम्मच्चीची मॅक्सी वर केली, तोच वृद्धाश्रमाच्या ऑफिसातला फोन वाजला. मिनिटभरात सिस्टर ग्रेसी कॉर्डलेस घेऊन दारात हजर.

"काढ तो टॉवेल. कुवेतहून साबूचा फोन आहे."

"सिस्टर, पुसून तरी घेऊ दे. म्हातारी उघडी पडलीय."

"ते तूच सांग त्याला," म्हणत सिस्टरनी फोन तिच्या कानाला लावला.

साबू अम्मच्चीचा धाकटा. खोलीत कॅमेरा त्यानेच बसवून घेतला होता. माणूस वाईट नव्हता; थंकम्मालाही चेची, म्हणजे ताई, म्हणायचा. मित्राच्या आईच्या पाठीत दुसऱ्या एका आश्रमात पडून पडून किडे झाले, तेव्हापासून त्याने हाय खाल्ली होती.

"टॉवेल का टाकलास चेची? काय लपवायचंय?"

"काही नाही हो सर. अम्मच्चीची लाज राखतेय."

"माझ्यापासून? पोटचा पोरगा आहे मी तिचा!"

"म्हणून तर, सर!"

"मला दिसलं पाहिजे. नाहीतर दुसरी बाई ठेवायला सांगतो सिस्टरना."

थंकम्माने फोन सिस्टरना परत दिला. अम्मच्चीने जन्मभर पांढरा चट्टा-मुंडू, म्हणजे सैल झंपर आणि लुंगीसारखं वस्त्र, नेसला. मागे निऱ्यांचा पंखा नीट बसल्याशिवाय ती कधी मुलांसमोरसुद्धा आली नव्हती. इथे सगळ्यांसारखी मॅक्सी चढवली, तेही तिने मुकाट गिळलं. आणि आता वर हे! पण सांगायचं कुणाला, आणि ऐकतंय कोण?

टॉवेल निघाला. थंकम्मा पाठ करून मध्ये उभी राहिली, पण कॅमेरा छताजवळ होता. तिच्या डोक्यावरून त्याला सगळं दिसत होतं. आता आवाज त्यातूनच आला, "चेची, बाजूला हो. तिला कुशीवर वळव, कंबर बघू दे."

अम्मच्ची दचकली. "साबू आलाय?"

"नाही अम्मच्ची, तिकडूनच बघतोय."

खोटं बोलायला हवं होतं, हे थंकम्माला बोलून गेल्यावर कळलं.

"आत्ता? अशी?"

मॅक्सी खाली ओढायला म्हातारीचे हात पोचेनात. ते वर गेले. दोन्ही तळव्यांनी तिने तोंड झाकून घेतलं.

"माझं तोंड दिसत नाही ना गं त्याला?"

"नाही, अम्मच्ची."

"मग पूस. त्याला वाटेल, दुसरीच कुणी आहे."

थंकम्माने फडकं पिळलं. वरून पुन्हा आवाज आला, या वेळी अगदी मऊ.

"अम्मच्ची, हात काढ ना. तोंड बघू दे तुझं."

अम्मच्चीने हात काढले नाहीत.