फळीआडची तुळई

मी एक जुनी तुळई आहे, मित्रांनो. कोठाराच्या माळ्याखालची, अगदी मधली. माझी दोन्ही टोकं दगडी भिंतीत रुतलेली आणि पाठीवर अख्खा माळा. झाड होते तेव्हा मी एवढी उंच होते, की सकाळी शेंड्यावरून निघालेला कावळा संध्याकाळ झाली तरी खाली पोचायचा नाही. आता तुम्ही म्हणाल, म्हातारी फेकतेय. फेकते थोडं. पण माझ्या पोटात जे झालंय ना, ते मात्र खरं आहे.

मला तासलं ते आमच्या सुतारकाकांच्या पणजोबांनी. बसवल्यावर त्यांनी मला हातोडीने ठोकलं, कान लावला आणि म्हणाले, "खणखणीत आहे पोरगी." तेव्हापासून त्या घराची रीतच पडली. वर्षातून एकदा यायचं, मला या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकायचं, आणि ऐकायचं. मीही दरवर्षी नेमाने उत्तर दिलं. पाठीवर धान्याची पोती, पोत्यांवर उंदीर, उंदरांवर मांजरं. कधी हूं की चूं केलं नाही.

पुढे धान्य नव्या गोदामात जायला लागलं आणि आम्ही ओस पडलो. कोठार पाडायचं घाटत होतं. तेव्हा काकांची थोरली बहीण पदर खोचून उभी राहिली. तिला सगळं गाव आक्का म्हणतं. तिने सुगीचा मेळा कोठारातच भरवायला लावला, आणि मेळ्यातून जे मिळेल ते इथल्याच डागडुजीला लावायचं ठरवलं. पहिल्या वर्षी कौलं बदलली, दुसऱ्या वर्षी दारं. लोक माना वर करून मला बघायचे. मला आपलं बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पण मेळा मोठा होत गेला तशी डागडुजी मागे राहिली आणि रंगरंगोटी पुढे आली. कोपऱ्यातून पाणी झिरपायचं, थेट माझ्या डाव्या टोकावर. ओल आली, ओलीच्या मागून भुंगे आले. दिवसभर आत करकर, करकर. कोठारात मीच तेवढी पीठ व्हायची राहिले होते, तेही झालं.

यंदा मेळ्याचा नाच माळ्यावर ठेवायचं ठरलं. मी काळी पडलेय, फोटोत शोभत नाही, म्हणून आक्काने मला खालून आणि दोन्ही अंगांनी नव्याकोऱ्या फळ्या ठोकल्या. वर पिवळा रंग, रंगावर झालर.

मेळ्याच्या सकाळी काका शिडी लावून चढले. खालून आक्काची घाई चाललेली. त्यांनी फळीवरच ठोकलं, आणि माझ्याआधी फळी बोलली. मी आतून जीव तोडून सांगत होते, अहो, ती बोलतेय, मी नाही. काका म्हणाले, "खणखणीत," आणि उतरले.

दुपारी नाच सुरू झाला. सगळ्यांचा पाय एकदम पडायचा. धप्प. प्रत्येक ठेक्याला माझं डावं टोक भिंतीतून नखभर सरकायचं. बरोबर माझ्याखाली काका बाकावर चहा पीत बसलेले. मला ना तोंड, ना हात. होतं ते फक्त पीठ. फळीच्या फटीतून मी ते त्यांच्या कपात सोडलं.

काकांनी बोटाने काढलं, चोळलं. नव्या लाकडाचा भुसा पांढरा असतो. हा तपकिरीसारखा. ते सावकाश उठले आणि पटाशीने फळी उचकटायला लागले.

आक्का धावत आली. "अरे, आज नको. लोक बघतायत."

"बघू देत. तू आत हात घाल."

आक्काचा हात कोपरापर्यंत आत गेला. बाहेर आला तो पिठाने भरलेला. वर धप्प झालं आणि दोघांच्या डोक्यावर पीठ सांडलं.

"ओरडू नकोस," ती हळूच म्हणाली. "सगळे एकदम जिन्याकडे धावले तर ही तुळई तिथेच मोडेल."

ती वर गेली. ढोलवाल्याचा दंड धरला आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतःच नाचत त्याला जिन्याने अंगणात नेलं. ढोल गेला तिकडे लोक गेले, एकामागून एक. शेवटी राहिले पाववाले मामा. त्यांचं वजन म्हणजे सहा पोती, वर मामा वेगळे. मी श्वास धरला. त्यांनी जिन्यावर पाय ठेवला आणि मी सोडला.

कडाड! माझं टोक हातभर खाली आलं. बाहेर लोकांना वाटलं ढोलच वाजला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता माझ्याखाली जाडजूड टेकू आहे. मित्रांनो, जुन्या घरांत जरूर नाचा. तुम्ही नाचता म्हणून तर आम्ही उभे आहोत. पण आधी ठोका, कान लावा, आणि उत्तर कोण देतंय ते बघा. झालर मग लावा.

काल खाली सभा झाली. टेकू ओबडधोबड दिसतो म्हणे, त्याला फळ्या मारायच्या. आक्का एकटीच नको म्हणाली. काकांनी दोनदा विचारलं, "काय म्हणालात?" हल्ली त्यांना कमी ऐकू येतं.

आणि आज सकाळपासून टेकूच्या पायाशी काहीतरी करकरतंय.