दत्तोपंतांचा दुसरा भाग

इंग्रजी सिनेमाला आमच्या दत्तोपंतांच्या शेजारी बसायचं म्हणजे एका तिकिटात दोन सिनेमे. एक पडद्यावर चालतो आणि दुसरा हे मराठीत सांगत असतात. आजूबाजूचे लोक आधी चिडतात, मग हळूच कान देतात. माझा नवरा म्हणून नाही म्हणत, पण माणूस सांगतो छान. खोटंसुद्धा तितकंच छान सांगतो, हे मला त्या दुसऱ्या भागाच्या वेळी कळलं.

ही ब्याऐंशी सालची गोष्ट. धरमपेठेत आमच्या मागच्या खोलीत चंद्रभान भाड्यानं राहायचा. यांच्याच ऑफिसात कारकून, गाव काटोलकडचं. इंग्रजी त्याला फायलींपुरतं येई. तीन वर्षांपूर्वी सदरच्या टॉकीजमध्ये अंतराळातल्या एका राजपुत्राचा सिनेमा लागला होता. काचेची गलबतं ताऱ्यांमधून पळायची, आणि शत्रूनं आईला पळवून नेऊन मारलं म्हणून तो पोरगा अख्खं आकाश पालथं घालायचा. या सिनेमानं चंद्रभानला वेड लावलं होतं. सायन्स कॉलेजात शिकणारा माझा धाकटा दीर मुकुंद, त्याचं तर विचारूच नका. दोघं त्या राजपुत्राबद्दल असे बोलायचे की जणू तो गावातल्या महाल पेठेत राहतो आणि रोज भाजी आणायला भेटतो.

चंद्रभानच्या वेडामागे कारण होतं. तो लहान असताना त्याचे वडील गेले. पुढं आई प्रयागबाईंनी पाट लावला, म्हणजे दुसरं लग्न केलं, आणि त्यांच्यातल्या रीतीप्रमाणे मुलगा बापाच्या घरी, काकांजवळ राहिला. मामांनी जबरदस्तीनं धाडलं तिला, असं काका रुपराव सांगत आले. पोरगं त्याच आधारावर मोठं झालं.

त्या वर्षी त्याचं लग्न ठरलं. प्रयागबाई त्याला भेटायला आमच्याकडे आल्या. लुगड्याच्या पदराशी चाळा करत ओट्यावर बसल्या. चंद्रभान म्हणाला, "माय, तुले मामानं धाडलं न? काकासमोर एवढं सांग, अन् मंग लग्नाले ये."

"मले कोणी नाही धाडलं बाबू. माह्या मनानं गेली मी."

"मंग नको येऊ."

त्यांनी मी दिलेला चहा पूर्ण प्यायला, कप विसळून ठेवला आणि गेल्या. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही दया आली. बाई, बोलली असतीस एवढंसं खोटं तर कोणतं आभाळ कोसळणार होतं?

त्यानंतर सिनेमाचा दुसरा भाग आला. मी, हे आणि चंद्रभान असे तिघं गेलो. मध्यंतरानंतर राजपुत्र शत्रूच्या नगरीत पोचतो, तर तिथं बागेत त्याची आई. जिवंत, धडधाकट, शेजारी दुसरा नवरा. ती म्हणाली, मला कोणी पळवलं नाही, मी माझ्या इच्छेनं आले. इतकं सोपं इंग्रजी की माझ्यासारख्या मॅट्रिकवालीलाही कळलं.

दत्तोपंत क्षणभर अडखळले. मग म्हणाले, "ती म्हणते, बाळा, यांनी मला कोंडून ठेवलंय. रोज तुझी वाट बघते."

मी यांना जोरात चिमटा काढला. हे आपले सांगतच राहिले. खाली थर्डच्या स्वस्त बाकांवर पोरांनी शिट्ट्या आणि शिव्यांचा नुसता कल्ला केला होता. चंद्रभान डोळे पुसत म्हणाला, "काहून ओरडून राहिले हे लोक?"

"त्यांना इंग्रजी येत नाही," दत्तोपंत म्हणाले.

घरी आल्यावर मी यांना स्वयंपाकघरात गाठलं. हे म्हणाले, "अगं, त्याचा चेहरा पाहिलास? घटकाभर त्याची माय त्याला परत मिळाली. त्या सिनेमावाल्याच्या बापाचं काय गेलं?" खरं तर मलाही तेच हवं होतं, म्हणून जास्तच चिडले.

रविवारी मुकुंद जेवायला आला, चंद्रभानही पानावर होता. मी बेसनाचे गोळे घालून गोळाभात केला होता. पहिला घास घ्यायच्या आधीच तो सुरू झाला, "सत्यानाश केला सिनेमाचा. आमच्या होस्टेलवर पोरं पोस्टर फाडून राहिली आहेत."

"काहून गा?" चंद्रभान म्हणाला. "चांगला तं होता. बिचारीले कोंडून ठेवलं होतं."

"कोणाला कोंडलं?"

"राणीले."

"कोंडलेली बाई बागेत झोपाळ्यावर बसते का? स्वतःच्या तोंडानं सांगते ती, मी आपखुशीनं आले म्हणून. मग पहिल्या भागातला सूड कोणाच्या नावानं घ्यायचा? आम्ही रडलो ते काय उगाच?" मुकुंदचा आवाज खरोखरच भरून आला होता. "आई अशी दाखवतात का कुठं?"

दत्तोपंत भातावर फोडणीचं तेल घेत होते, ते घेतच राहिले. भात तेलात बुडाला तरी यांचं लक्ष नव्हतं.

"दत्तोपंत?" चंद्रभान म्हणाला.

"मला वाटलं, तुला..." एवढंच यांच्या तोंडून निघालं.

चंद्रभान ओरडला नाही. पानावरून उठला, हात धुतले आणि माझ्याकडे वळला. "वहिनी, तुम्हाले कळते न इंग्रजी? उद्या चला माह्यासंगं. तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी गेलो. दत्तोपंतही आले, त्यांना मी पलीकडच्या खुर्चीवर बसवलं आणि तोंड उघडलंत तर बघा, असा दम भरला. बागेचा प्रसंग आला. मी जसं जमेल तसं सांगत गेले.

"तो विचारतो, एकदाही माझी आठवण नाही आली? ती म्हणते, रोज आली. रोज रडले. तरी गेले, कारण तिथं राहिले असते तर जगले नसते."

खाली कल्ला सुरू झाला. कोणीतरी पडद्यावर केळाचं साल फेकलं. राजपुत्रानं हातातलं शस्त्र खाली ठेवलं आणि तिच्याजवळ जाऊन बसला.

"आता तो काय म्हणून राहिला?"

"काहीच नाही. नुसता बसलाय."

"अन् लोकाईले हेच नाही आवडलं?"

"हेच."

चंद्रभाननं खाली शिट्ट्या मारणाऱ्यांकडे वाकून पाहिलं. मग म्हणाला, "माय खोटं बोलली असती, तं मी तिले वाजतगाजत आणलं असतं. खरं बोलली म्हून हाकलून देलं." आणि तो ढसाढसा रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पलीकडे दत्तोपंत चष्मा पुसत होते. आयुष्यात पहिल्यांदाच यांनी अर्धा सिनेमा गप्प बसून पाहिला.

प्रयागबाईंना आणायला चंद्रभान स्वतः गेला. लग्नाला आम्ही गावी पोचलो तेव्हा त्या मांडवात अगदी मागच्या खांबाशी उभ्या होत्या. बायका आपसांत कुजबुजत होत्या. रुपराव त्यांच्याकडे पाठ करून पाहुण्यांचं बघत होते. एवढ्यात चंद्रभानच्या आत्या जिजाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "काहून नावं ठेवता वं तिले? भावायनं जबरदस्तीनं धाडलं बिचारीले. तिचा काय दोष?"

म्हातारी मनानं चांगली. तिच्या त्या बोलण्यानं बायकांचे चेहरे निवळले, एकीनं तर सरकून जागाही केली. प्रयागबाईंनी फक्त गप्प राहायचं होतं. माझ्या शेजारी दत्तोपंत पुटपुटले, "राहा गप्प, माउली, राहा."

प्रयागबाईंनी नकारार्थी मान हलवली आणि बोलायला तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी नवरदेवच बोलला.

"नाही वं आत्या. कोणी नाही धाडलं. माही माय आपल्या मनानं गेली होती."

भटजींनी मंगलाष्टकांसाठी वर केलेला हात तसाच राहिला. रुपराव वळले आणि पुतण्याकडे बघत राहिले. प्रयागबाईंचा एक हात खांबावर होता, दुसरी मूठ अक्षतांनी भरलेली.

चंद्रभाननं मुंडावळ्या बाजूला सारल्या.

"माय, पुढं ये," तो म्हणाला. "तिथून अक्षता माह्यापर्यंत नाही पोचत."