मनकर्णेचा रिटेक

चैत्र संपत आला होता आणि सकाळी नऊलाच अंगण तापलं होतं. कुलदीपच्या घरापुढे अर्धं गाव गोळा झालं होतं, कारण ताहेर आणि मनकर्णा यांचं भांडण जुंपलं होतं. त्या दोघांच्या सिनेमाची सीडी विकत घ्यावी लागे. भांडण फुकट पाहायला मिळे.

"वयनी, तुमी खोटं रडून राहिल्या," ताहेर कॅमेऱ्यामागून ओरडला. "सहा डाव झाले. माह्या मायच्या दोन डझन बांगड्या गेल्या."

"मंग तुमीच बांगड्या घाला अन् तुमीच रडा," मनकर्णा म्हणाली. "माहा नवरा तठी चा करून राहिला. तो डोयासमोर असतानी मी त्याच्या नावानं कशी रडू?"

कुलदीप खरोखरच चुलीपाशी सगळ्यांसाठी चहा उकळत बसला होता. बायकोला सिनेमात मुख्य काम करू देणारा त्या गावात तो एकटाच. ताहेर त्याचा अकोटच्या शाळेतला सोबती, बांगडीवाल्या रजियाबीचा मुलगा. लग्नांची शूटिंग करून तो पोट भरी आणि उरलेल्या वेळात वऱ्हाडी सिनेमे काढी. आधीचे दोन विनोदी होते, अकोटच्या बसस्टँडवर ते बरे खपले. दोन्हींत मनकर्णाच होती. दोन्ही वेळा ती चिडून निघून गेली होती आणि दोन्ही वेळा तीन दिवसांनी तिचाच निरोप आला होता, पुढचं काम कधी म्हणून. रागावली की ती जीव ओतून काम करी. हे ताहेरला ठाऊक होतं, म्हणून तो मुद्दाम तिला डिवची. तिलाही ते ठाऊक होतं, आणि तरी ती दर वेळी चिडायची.

हा तिसरा सिनेमा मात्र हसण्याचा नव्हता. दोन हजार सहा-सातचा तो काळ. वऱ्हाडात शेतकरी आत्महत्या करत होते, म्हणून त्या वर्षांत तिथे कॅमेरे फार आले. दूरदूरच्या शहरांतून गाड्या यायच्या, एखाद्या विधवेला दारात उभं करायच्या, पदर डोक्यावर घ्या म्हणायच्या आणि पाव तासात धूळ उडवत निघून जायच्या. ते पाहून ताहेरचं टाळकं सरकलं. नवरा गेल्यावर आपलेच लोक बाईचं काय करतात ते दाखवायचं, काही झाकायचं नाही, असं त्याने ठरवलं. अमरावतीला सिनेमांची एक स्पर्धा होती, तिथे तो पाठवायचा होता.

हेतू चांगला होता. माझं भांडण हेतूशी नाही.

खरी गोष्ट अशी, की त्या गावात ती रीत विझत आली होती. चारचौघांत बांगड्या फोडणं पंधरा-वीस वर्षांपासून मागे पडलं होतं. घरातली एखादी बाई आतल्या खोलीत हलक्या हाताने बांगड्या उतरवून घेई. त्या तरी का उतरवाव्या, हे मी विचारणारच आहे, पण तेवढ्यावर आलं होतं खरं. जुनी पद्धत पुरती ठाऊक असलेली एकच बाई उरली होती, गोदाबाई. ताहेर चार दिवस तिच्या ओट्यावर जाऊन बसला. अंगणात पाटा कसा मांडायचा, बाईला मयताकडे तोंड करून कसं बसवायचं, हात पाट्यावर ठेवून वरून गोटा कसा घालायचा, सगळं त्याने वहीत उतरवून घेतलं. म्हातारीला इतक्या वर्षांत कोणी काही विचारलं नव्हतं. ती खुलली. मग पाच बायांची तालीम झाली. शिकवायला गोदाबाई, चुका काढायला ताहेर.

त्या सकाळी सातव्या वेळी कॅमेरा लावण्याआधी ताहेर शेजारच्या चंदाजवळ गेला. चंदाचं लग्न होऊन वर्षच झालं होतं. तिला तो हळूच म्हणाला, "हात हालला की चित्र बिघडते. तू तिचं कोपर दाबून धर. एकदम दाब. तिले सांगू नको."

चंदाने सांगितलं तसं केलं. कोपर पाट्यावर घट्ट दाबलं गेलं, हात अडकला, गोटा पडला, काच मनगटात रुतली. मनकर्णा ओरडली. तिच्या त्या ओरडण्याने चुलीपाशी बसलेला कुलदीप उठून धावत आला.

"कट," ताहेर म्हणाला आणि आनंदाने टाळ्या वाजवू लागला.

मनकर्णेने पाट्यावरच्या काचा मुठीत घेऊन त्याच्या पायांवर भिरकावल्या. "माह्या दारात पुन्हा पाय ठेवू नका," ती म्हणाली. कुलदीप तिच्या मनगटाला हळद लावत होता. रजियाबी खाली बसून काचा वेचत होती. ती मुलाकडे न बघता म्हणाली, "मैं बायांके हात भरती, और तू फोडने की तालीम लेता. अच्छा नहीं किया, बेटा."

तीन दिवसांनी मनकर्णेचा निरोप आला. विधवापणाचे प्रसंग झाले होते. आता उरले होते सुरुवातीचे, नवरा-बायकोच्या सुखाचे. त्यांना पांढरं झालेलं कपाशीचं शेत हवं होतं आणि नवरा म्हणून कुलदीपच उभा राहणार होता. सिनेमावाले असंच करतात, आधी शेवट उरकतात आणि मग सुरुवात. सुख दिवाळीनंतर घ्यायचं ठरलं.

भादव्यात पावसाने पंधरा दिवस दडी मारली. कुलदीप भरदुपारी मोटर सुरू करायला गेला आणि ओल्या हाताने स्टार्टरला चिकटला. ताहेर तेव्हा नांदगाव पेठेला एका कारखान्याच्या कार्यक्रमाचं शूटिंग करत होता. एसटी बदलत तो दुसऱ्या दिवशी पोहोचला, तोवर सगळं आटोपलं होतं. दारात कुलदीपची आई, पार्बताबाई, बसली होती. तीस वर्षांपूर्वी विधवा झालेली बाई. तिने ताहेरला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

"चैतात तिनं कुकू पुसलं, भादव्यात खरं झालं," ती म्हणाली. "तुमच्या त्या खेळानं माहं लेकरू खाल्लं."

सगळं गाव हेच बोलू लागलं. स्टार्टरची वायर उघडी होती, हे कोणी बोललं नाही.

दिवाळी झाली. कपाशी फुटली. ताहेर दोनदा एसटीत बसून अर्ध्या वाटेतून परत गेला. तिसऱ्या वेळी आला तेव्हा पार्बताबाई शेतात गेली होती. मनकर्णा मागे गोठ्याला लागून असलेल्या खोलीत होती. तिचं ताट वेगळं झालं होतं. दिवाळीत तिला पुढच्या अंगणात येऊ दिलं नव्हतं. गावातल्या बाया पाण्याला जाताना ती दिसली की वाट बदलत. गोठ्यातली गाय तेवढी तिच्याकडे तोंड करून उभी होती.

"वयनी," ताहेर दारातच थांबून म्हणाला, "सिनेमाचं राहू द्या. मी तुमाले पाहाले आलो."

"त्या दिवशी मले कसं केलं, माहीत हाय तुमाले?"

"ऐकलं."

"आयकलं नाई. पाह्यलं हाय तुमी, कॅमेऱ्यातून. तसंच केलं. पाटा तोच, बाया त्याच. गोदामाय म्हणे, आता तं सारं येते आपल्याले. मी हात वढला, तं चंदानं कोपर दाबलं."

ताहेरने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"मंग एक दिवस मी गोदामायले इचारलं, कोपर दाबाची रीत हाय काय. ते म्हणे, नाई बाई, ते तं ताहेरभाऊनं चंदाले सांगतलं होतं."

तो तिथेच मातीत बसला. मग त्याने पिशवीतून त्या सीनची कॅसेट काढली, तिचं झाकण नखाने उचकटलं आणि आतली फीत ओढायला लागला. मनकर्णेने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"हे तोडून काय होईन? बायायच्या हातात जे बसलं, ते कसं तोडसान? तुमी शिकवलं, अन् मीबी तालमीत होती. उद्या चंदावर पाळी आली तं तिचं कोपर कोण दाबीन, सांगा मले."

"मंग काय करू मी, वयनी?"

"तोच सीन पुन्हा घ्या. तोच पाटा, त्याच बाया. आता मी हात सोडवतो."

ताहेर घाबरला. बांगड्या फोडायला आधी त्या हातात असाव्या लागतात, कपाळाला कुंकू असावं लागतं. "विधवा बाईले कुकू लावलं म्हणून लोक चालून येतीन," तो म्हणाला. "त्यात मी मुसलमान. गावात आग लागीन."

"मले सात डाव विधवा केलं तवा भेव नाई लागलं?"

"बायायले आधी सांगून ठेवू?"

"मले सांगतलं होतं तुमी?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांच्या भांडणात ती ओरडली नव्हती आणि तो हरला होता.

बायांना सांगितलं, आधीचा सीन बिघडला, पुन्हा घ्यायचा आहे. कॅमेऱ्याच्या ओढीने त्या ठरल्या दिवशी आल्या, पण एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. रजियाबीने अंगणात फडकं पसरलं आणि मनकर्णेचा हात मांडीवर घेतला. पार्बताबाई दारातून किंचाळली, "नवरा खाल्लेली बाई हिरव्या बांगड्या भरून राहिली. लाज वाटत नाई?"

रजियाबीने मान वर केली नाही. मनकर्णेचा पंजा हलकेच दाबत तिने एकेक बांगडी वर सरकवली आणि म्हणाली, "पार्बताबाई, तुमचे हात मीच भरले होते. रिकामे झाले त्याच्यानंतर तुमच्या हातांसाठी मले कोणी बोलावलं नाई."

पार्बताबाई आत गेली. तिच्या मनात काय आलं ते मला ठाऊक नाही.

मनकर्णेने कुंकू स्वतःच्या बोटाने लावलं आणि पाट्यापुढे बसली. ताहेरने कॅमेरा सुरू केला. बायांनी तिला वेढलं. गोदाबाईने मनगट धरलं, चंदाने कोपर दाबलं, गोटा वर गेला.

मनकर्णेने हात मागे ओढला.

बायांना वाटलं, अभिनय आहे. पकड घट्ट झाली. तिने पुन्हा ओढला. बांगड्या खणखणल्या. "सोड, चंदा," ती म्हणाली. चंदाने ताहेरकडे पाहिलं, कारण त्या अंगणात सारं त्याच्या शब्दावर होत आलं होतं. ताहेरने डोळा कॅमेऱ्यालाच लावून ठेवला.

"सोड वं चंदा. मले दुखते. तवाबी दुखलं होतं."

चंदाने कोपर सोडलं. एकट्या गोदाबाईच्या म्हाताऱ्या बोटांत तो हात राहिला नाही. तो सुटला आणि गोटा रिकाम्या पाट्यावर पडला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. चंदा मात्र तोंडाला पदर लावून रडत होती, आणि कॅमेरा बंद करायचं ताहेरला सुचलं नाही.

मनकर्णेने त्या बांगड्या काढल्या नाहीत. पार्बताबाई त्यापुढे कित्येक महिने तिच्याशी बोलली नाही, ताटही वेगळंच राहिलं. शेतातले सुखाचे प्रसंग झालेच नाहीत. ते कोणासोबत करायचे होते? ताहेरने आधीचा सीन काढून हा जोडला आणि सिनेमा अमरावतीला पाठवला. तो परत आला. परीक्षकांनी लिहिलं होतं की शेवट खरा वाटत नाही, अशा परिस्थितीतली बाई हात सोडवून घेत नाही. ती का सोडवून घेत नाही, तिचं कोपर कोणी धरलेलं असतं, हे त्या शहाण्या माणसांना विचारावंसं वाटलं नाही. तुम्हाला तरी कधी वाटलं, वाचकहो?

गावात मात्र ताहेरने चावडीपुढे टीव्ही मांडून तो सिनेमा दाखवला. बाया मागे उभ्या राहून पाहत होत्या.

फाल्गुनात गावात एक मयत झाली. मागे राहिलेली बाई पंचविशीची होती. अंगणात पाटा मांडला गेला, गोदाबाई गोटा घेऊन आली. तिने मनगट धरलं आणि म्हणाली, "कोपर धरा वं कोणी."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. चंदाने दोन्ही हात पदराखाली घेतले. पुढे कोणीच झालं नाही, आणि त्या पोरीने आपला हात हळूच जवळ ओढून घेतला. गोदाबाई गोटा मांडीवर घेऊन थोडा वेळ तिथेच बसली, मग उठून घरी गेली.