न मोडणारं पान

"आता हा फोटो हत्तीएवढा करते," असं म्हणून मोडतोडकाकूंनी फोटोचा कोपरा माउसनं धरला आणि स्क्रीनच्या पार कडेपर्यंत ओढला. मागे उभी असलेली मंडळी श्वास रोखून बघत होती. फोटो थोडा वाढला आणि गपकन थांबला. शेजारचा मजकूर जागचा हलला नाही. मागून कुणीतरी टाळी वाजवली, तसं काकूंनी मान वळवून पाहिलं. टाळी लगेच बंद झाली.

ज्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही अशा माणसानंही घरबसल्या आपल्या दुकानाचं वेबपान मांडावं, यासाठी त्यांची कंपनी एडिटर बनवायची. फोटो उचला, इथं ठेवा. फोन नंबर उचला, तिथं ठेवा. ऐकायला सोपं वाटतं. पण लोकांना मोकळीक दिली की पान कॉम्प्युटरवर झकास दिसायचं आणि मोबाइलवर उघडलं की फोटो नंबरच्या डोक्यावर बसलेला असायचा. मोकळीक काढून घेतली की न्हावी, शिंपी आणि दातांचा डॉक्टर या सगळ्यांची पानं एकाच साच्यातली. या दोन टोकांमध्ये कंपनीनं बरीच वर्षं हेलपाटे घातले होते.

एडिटर लोकांच्या हाती जाण्याआधी तो मोडून दाखवणं ही काकूंची नोकरी, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नंबराच्या चौकटीत त्या अख्खा निबंध लिहायच्या. शीर्षक पुसून टाकायच्या, एकच फोटो एकावर एक रचायच्या, वर भाबडा चेहरा करून "अगंबाई, गेलं की!" म्हणायच्या. काकू चहाचा कप घेऊन टेबलाकडे येताना दिसल्या की भलेभले इंजिनिअर आपलं काम घाईघाईनं सेव्ह करून ठेवायचे.

आज मात्र गोष्ट वेगळी होती. चष्मेवाल्या इंजिनिअरनं रक्त आटवून नवा एडिटर केला होता, आणि कंपनीच्या मॅडमनी सकाळीच सगळ्यांसमोर निकाल सांगून टाकला होता. संध्याकाळपर्यंत काकूंना हा मोडता आला नाही, तर आजच तो लोकांसाठी खुला करायचा. मोडला, तर हवं ते हवं तिथं ओढून ठेवायची हौस कायमची बंद करायची आणि नुसते तयार साचे विकायचे. काकूंचा जीव या एडिटरमध्ये अडकला होता, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मोडणारीनं मोडायच्या वस्तूवर जीव लावणं बरं दिसत नाही.

दुपार झाली तरी पान काही मोडेना. मॅडमनी केक मागवला. चष्मेवाला हवेत तरंगत होता. काकूंच्याही अंगात असा काही उत्साह संचारला की त्यांनी सगळ्यांसमोर घरी फोन लावला. यजमान निवृत्त झाल्यापासून गच्चीत रोपं वाढवून विकत. चाचणीची लिंक पाठवलीय, तीवर नवा एडिटर उघडा आणि तुमचं पान मनासारखं मांडा, असं काकूंनी त्यांना फर्मावलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

बराच वेळ नुसते क्लिक ऐकू आले.

"अगं, मांजराचा फोटो नंबरच्या शेजारी ठेवतोय, पण तो परत वर जाऊन बसतोय."

"अहो, नीट धरा आणि मग सोडा."

"धरलाय की. सोडला की पळतोय. लोक काही रोपं बघायला येत नाहीत, कुंडीत झोपलेलं मांजर बघायला येतात आणि जाताना एखादं रोप नेतात. ते नंबरापाशीच हवं." पुन्हा क्लिक. मग यजमान शांतपणे म्हणाले, "अगं, हे दुकान माझं आहे की याचं?"

सगळे खो खो हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी फोन ठेवला आणि स्वतःच्या स्क्रीनवर एक पान उघडलं. मोडायला नव्हे, नुसतं आपल्या मनासारखं मांडायला. शीर्षक खाली आणलं, ते वर गेलं. फोटो जरासा तिरका केला, तो सरळ झाला. मजकुराच्या शेजारी थोडी जागा सोडली, ती भरून आली. सकाळपासून आपण इतका जोर लावतोय आणि हा फक्त नाही म्हणतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांचा सगळा उत्साह बसला.

त्यांनी चष्मेवाल्याला बोलावून दाखवलं. मॅडमही आल्या.

"झोपलेला माणूस पडत नाही," काकू म्हणाल्या, "म्हणून काही त्याला चालता येतं असं म्हणत नाहीत. हा मोडत नाही, कारण यात काही करताच येत नाही."

चष्मेवाल्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काकू, आधी सगळं मोकळंच होतं. पण दर वेळी तुम्ही येऊन मोडायचात. एक मोडलं की मी एक गाठ मारायचो. करता करता सगळंच बांधून टाकलं. तुमच्या भीतीनं."

तो रागानं बोलला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. काकूंना फार वाईट वाटलं. मोडण्यातल्या ज्या हुशारीचं त्यांना एवढं कौतुक होतं, तिनंच या पोराचे हात बांधले होते. साचेच विकावेत हे बरं, असं मॅडम म्हणायला लागल्या, तेव्हा काकूंनी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मध्येच तोडलं.

"संध्याकाळ व्हायचीय अजून. तू गाठी सोड, मी मोडते. पण या वेळी मोडलं की लगेच गाठ मारायची नाही. आधी काय झालंय ते दोघांनी बघायचं."

मग जी धमाल सुरू झाली ती विचारू नका. चष्मेवाला गाठी सोडत गेला. फोटो हवेत सुटल्यासारखे भटकायला लागले आणि काकू त्यांच्यामागे. मोबाइलवर यजमानांचं मांजर नंबराच्या डोक्यावर जाऊन बसलं. पूर्वी अशा वेळी काकू चूक नोंदवून चहाला जात. आज त्या खुर्ची ओढून तिथंच बसल्या. मांजराला का हाकलायचं, नंबरालाच खाली सरकायला सांग ना, असं त्या म्हणाल्या. चष्मेवाल्याला एकदम सुचलं, की कुठल्याच वस्तूला जागेवर खिळायचं नाही. प्रत्येकीनं फक्त आपला शेजारी कोण हे लक्षात ठेवायचं आणि जागा अरुंद झाली की त्याला वाट करून द्यायची. दोघं एकमेकांचं बोलणं तोडत, ओरडत, टेबलावर हात आपटत कामाला लागले. केक तसाच राहिला. मॅडम आधी मागे उभ्या होत्या, मग वाकल्या, मग त्यांनीही खुर्ची ओढली आणि काकूंच्या हातातून माउस घेऊन स्वतःच मोडून बघायला लागल्या.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं, "काकू, मोडला का?"

"ठरवलं तर माणूस पान वेडंवाकडं करू शकतो," काकू म्हणाल्या. चष्मेवाल्याचा हात सवयीनं कीबोर्डकडे गेला. "थांब, हात लावू नकोस. यात काही हरवत नाही, काही झाकलं जात नाही. मोबाइलवरही नंबर वाचता येतो. पान वाकडं करायचं की सरळ, हा ज्याचा त्याचा हक्क आहे."

"म्हणजे मोडला की नाही?"

हे उत्तर काकूंनी त्या टेबलाशी बसून कधी दिलं नव्हतं. त्यांनी माउस दूर सरकवला.

"नाही मोडला. सोडा लोकांसाठी."

एडिटर खुला झाला. सगळी मंडळी एका स्क्रीनपुढे दाटीवाटीनं उभी राहिली. बराच वेळ काही आलं नाही, आणि मग कुणा अनोळखी बाईचं पहिलं पान उमटलं. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, लोकरीच्या टोप्या विणून मिळतील. त्याखाली भलीमोठी रिकामी जागा. पार तळाशी, डाव्या कोपऱ्यात, एका लहान टोपीचा फोटो आणि त्याच्या शेजारी नंबर.

"मध्ये एवढं रिकामं कशाला सोडलं असेल?" चष्मेवाला पुटपुटला. "इथून जरा वर सरकवलं तर छान दिसेल. तिला कळणारही नाही." त्यानं माउस धरला.

काकूंनी त्याच्या हातावर हात ठेवला. "तिला हवं असेल."

त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर ते पान उघडून पाहिलं. रिकामी जागा तिथंही होती. तिच्या खाली टोपी, आणि टोपीखाली नंबर.